‘सुदाम्याचे पोहे’ : विनोद आणि समाजटीका

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांच्या ‘सुदाम्याचे पोहे’मधील विनोद केवळ मनोरंजनासाठी नाही, धार्मिक रूढी, कर्मकांड आणि दांभिकता यांवर तो आघात करतो. मात्र येथे लेखक सुधारकाच्या भूमिकेतून उपदेश करीत नाही. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही त्रयी रूढींचा हिरिरीने कैवार घेते आणि त्या समर्थनातूनच रूढींचे पितळ उघडे पडते. निवेदक सुदामा स्वतःच हास्यविषय झाल्याने त्याला हसणाऱ्या वाचकास आपलेही व्यंग जाणवते. शाब्दिक कोट्या व अतिशयोक्ती यांचा सोस ही या लेखनाची मर्यादा होय. तथापि, आज सार्वजनिक जीवनातील विनोद बहुधा प्रतिपक्षाच्या टवाळीपुरता उरला असताना, आत्मपरीक्षणास प्रवृत्त करणारे हे हास्य अधिक मोलाचे ठरते.