कागदाची पाठ

जपानी काष्ठछाप चित्रं पारखणाऱ्याचं निम्मं काम आता संगणकच उरकतो. चित्रकार कोण, प्रकाशक कोण, सेन्सॉरचा शिक्का कोणत्या काळातला, हे मिनिटभरात जुळवता येतं. जॉन रेसिगच्या युकियो-ए डॉट ऑर्गवर एकाच चित्राच्या अनेक संग्रहांतल्या प्रती शेजारीशेजारी मांडलेल्या दिसतात. एकेकाळी यासाठी बोस्टन, लंडन, टोकियो अशी पायपीट करावी लागे. सोय मोठीच झाली. मात्र तिच्यामुळे चित्र ओळखणारे वाढले, तितके प्रत पारखणारे वाढले नाहीत.

होकुसाईची प्रसिद्ध लाट घ्या. साधारण १८३१ची. चेरीच्या लाकडात कोरलेल्या त्या ठशांवरून हजारो प्रती निघाल्या असाव्यात. ठसे झिजत गेले तशी शीर्षकाच्या चौकटीची रेघही तुटत गेली. ब्रिटिश म्युझियमच्या कॅप्युसिन कोरेनबर्ग यांनी शंभराहून अधिक प्रती ताडून, अशा खुणांवरून छपाईचा क्रम लावला आहे. हे काम पडद्यावर होऊ शकतं. आकाशातल्या गुलाबी ढगाचं मात्र तसं नाही. बहुतेक प्रतींत तो उजेडाने उडून गेलाय, आणि कोरं आकाश हीच होकुसाईची योजना असं मानणारे कमी नाहीत. प्रशियन निळा टिकाऊ, पण करडईचा लाल आणि जपानी रानफुलाचा जुना निळा फार नाजूक. १९२१ साली स्पॉल्डिंग बंधूंनी सहा हजारांवर चित्रं बोस्टनच्या संग्रहालयाला दिली, ती कधीही प्रदर्शनात न लावण्याच्या अटीवर. अट आडमुठी खरीच, पण मूळ रंग पाहायचे तर आजही तिथेच जावं लागतं.

छायाचित्रात हमखास सुटते ती कागदाची पाठ. छापणारा बारेन नावाच्या हातघासणीने कागद मागून घासतो. जोर चांगला असेल तर रंग आरपार उतरतो आणि मागे घासणीची वळणं उमटतात. मागून दुसरा कागद चिकटवलेला असला की हा पुरावा गेलाच. चित्रकाराचं नाव जगभर गाजतं. बारेन धरणारा हात बहुधा या वळणांपुरताच उरतो.

विसाव्या शतकातली चित्रं सोपी, हाही भ्रमच. जपानी चित्रकार हिरोशी योशिदा भारतात फिरून गेले आणि १९३१च्या सुमारास त्यांनी ताजमहाल, अजिंठा, वेरूळ ठशांवर आणले. ताजमहालाचे तेच ठसे रंग बदलून दिवसालाही वापरले, रात्रीलाही. त्यांच्या देखरेखीखाली छापलेल्या प्रतीच्या समासात ‘जिझुरी’ शिक्का असतो. त्यांच्या पश्चात छापलेल्या प्रतींवर तो नसतो. दोन्ही प्रती अस्सल ठशांच्याच, पण मोलात जमीन-अस्मानाचा फरक. चौकटीच्या आत समास झाकून टांगलेलं चित्र विकत घेणाऱ्याने म्हणूनच आधी चौकट उघडायला लावावी. विक्रेता कुरकुरला, तर पाकीट खिशातच राहू द्यावं.