साबणाचे चित्र पुरेसे आहे का?

तेल आणि पाणी एकत्र टिकायचे तर तिसरा पदार्थ लागतो, असे आपण वर्गात शिकवतो आणि उदाहरण साबणाचे देतो. फळ्यावर गोल डोके आणि लांब शेपटी असलेला रेणू काढतो. डोके पाण्यात, शेपटी तेलात. हे चित्र बरोबर आहे. पण पायस, म्हणजेच इमल्शन, टिकण्याचे ते एकमेव कारण म्हणून शिकवले जाते, यावर आमचा आक्षेप आहे.

दिग्रसहून दारव्ह्याला किंवा पुसदला जाणारा डांबरी रस्ता घ्या. हे डांबर म्हणजे खनिज तेलाच्या ऊर्ध्वपातनानंतर तळाशी उरणारे बिट्युमेन. दगडी कोळशापासून निघणारे डांबर वेगळे. मराठीत दोहोंना एकच नाव पडले आहे, हे विद्यार्थ्यांना सांगायला हवे. बिट्युमेनच्या काळेपणाचे मुख्य कारण ॲस्फाल्टीन. खनिज तेलाचा जो भाग टोल्युइनमध्ये विरघळतो पण हेप्टेनमध्ये विरघळत नाही, तो ॲस्फाल्टीन. व्याख्या विद्राव्यतेवरून केलेली असल्याने या एका नावाखाली असंख्य प्रकारचे रेणू येतात. त्यांत बहुधा बेंझिनसारख्या जोडकड्यांचा सपाट गाभा, भोवती कार्बनच्या लहान साखळ्या आणि थोडे गंधक, नायट्रोजन व ऑक्सिजन असते. साबणासारखे स्वच्छ डोके-शेपूट इथे दाखवता येत नाही.

तरीही हे रेणू पाण्याचे थेंब तेलात दीर्घकाळ टिकवतात. ते कसे? सपाट गाभे भाकरीच्या चवडीसारखे एकमेकांवर बसतात. दहाहून कमी रेणूंचा, सुमारे २ नॅनोमीटरचा पुंजका होतो. असे काही पुंजके मिळून ५ नॅनोमीटरच्या आसपासचा झुबका बनतो. या कल्पनेचा पाया येन यांनी १९६७ मध्ये घातला आणि २०१० मध्ये मलिन्स यांनी तिला आजचे रूप दिले. हे पुंजके थेंबाच्या पृष्ठभागावर जमतात, एकमेकांत गुंततात आणि दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा तयार होतो. दोन थेंब एकमेकांवर आदळले तरी मधल्या पापुद्र्यामुळे एक होत नाहीत. थेंबातले पाणी मागे ओढून घेतले, तर पापुद्र्यावर चक्क सुरकुत्या पडतात. पृष्ठताण कमी होणे एवढ्याने याचा उलगडा होत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या चित्रात बसत नाही. ॲस्फाल्टीन पूर्ण विरघळलेले असेल, तर पायस कच्चे राहते. ते विरघळण्याच्या सीमेवर, साका बसण्याच्या बेतात असेल, तेव्हा पायस सर्वांत चिवट होते. म्हणजे पदार्थ आहे की नाही, एवढे विचारून भागत नाही. तो कोणत्या अवस्थेत आहे, हेही विचारावे लागते.

या चवडींनी शास्त्रज्ञांनाही चकवले. ॲस्फाल्टीनचा रेणुभार बराच काळ हजारोंच्या घरात सांगितला जाई. आज तो सरासरी ७५० च्या आसपास मानतात. जुन्या पद्धतींत एका भाकरीऐवजी अख्खी चवडच मोजली जात होती.

दिग्रसच्या मुलांना समुद्र लांबचा वाटेल, पण प्रश्न त्यांच्याच राज्याच्या किनाऱ्याचा आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल समुद्रात सांडले. जहाजांच्या जड इंधनतेलात ॲस्फाल्टीन भरपूर असते. असे तेल लाटांनी घुसळले की त्यात पाणी शिरून तपकिरी, घट्ट लगदा होतो आणि त्याचे आकारमान तिपटी-चौपटीने वाढू शकते. मग ते उपसणे कठीण, जाळणेही कठीण. गोवा आणि कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात येणारे डांबरगोळेही सांडलेल्या तेलाचेच अवशेष. साबणाचे चित्र पाठ केलेल्या विद्यार्थ्याला यातले काहीच समजणार नाही.

म्हणून साबणाच्या चित्राशेजारी दुसरे चित्र काढावे: पाण्याचा थेंब, त्याभोवती चवडींचा पापुद्रा. मग वर्गाला विचारावे: समुद्रात घुसळल्याने पायस तयार होते, आणि घरी साय घुसळली की पायस मोडून लोणी निघते, असे का? लोण्याच्या बाबतीत स्निग्ध कणांवरचे पातळ आवरण घुसळण्याने फाटते आणि कण एकमेकांना चिकटतात. उत्तराकडे जाण्याची वाट थेंबावरच्या आवरणातून आहे, हे मुलांना स्वतः सापडू द्यावे.