बहुवारिकांचे नॅनोकण आणि अतिक्रांतिक कार्बन डाय-ऑक्साइड : ‘द्रावक’ या संज्ञेची चिकित्सा

हरित रसायनशास्त्रावरील आपल्या चर्चासत्रांतून अतिक्रांतिक कार्बन डाय-ऑक्साइडचा गौरव पुष्कळदा ‘आदर्श द्रावक’ असा केला जातो. जालन्यात २०१८ पासून मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा संकुल असल्याने येथील विद्यार्थीही या विषयाकडे उत्सुकतेने पाहतात. म्हणूनच बहुवारिकांच्या नॅनोकणांपुरती तरी ही संज्ञा तपासून घेणे अगत्याचे वाटते.

३१.१ अंश सेल्सिअस तापमान व सुमारे ७४ बार दाब यांपलीकडे हा पदार्थ अतिक्रांतिक होतो. जालन्यात एप्रिलच्या दुपारी तापमानाची अट निसर्गच पुरी करतो. अडते ते दाबापाशी. ४० अंश व १०० बारला त्याची घनता सुमारे ०.६३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर भरते. परंतु दाट होणे म्हणजे विरघळवणे नव्हे. या रेणूला द्विध्रुव आघूर्ण नाही, ध्रुवणक्षमताही अल्प. परिणामी बहुतेक बहुवारिके त्यात विरघळत नाहीत. विरघळतात ती प्रामुख्याने काही फ्लोरिनयुक्त व सिलिकोनवर्गीय. १९९२ मध्ये अमेरिकेत जोसेफ डिसिमोन व सहकाऱ्यांनी या माध्यमात घडविलेले गाजलेले बहुवारिकीकरणही फ्लोरोॲक्रिलेटचेच होते. सहजी विघटन न पावणाऱ्या फ्लोरिनयुक्त द्रव्याच्या बळावर ‘हरित’ हे बिरुद मिरवावे, ही विसंगती दुर्लक्षिण्याजोगी नाही.

द्रावण सूक्ष्म छिद्रातून एकदम मोकळे सोडून कण मिळविण्याची पद्धत कागदावर विलोभनीय दिसते. प्रत्यक्षात फवाऱ्यात कण एकमेकांना चिकटून मायक्रोमीटरपर्यंत वाढतात. स्थिरीकारकयुक्त पाण्यात फवारा सोडून ही वाढ रोखता येते. पण बहुवारिक मुळात विरघळलेच नाही, तर फवारायचे काय?

त्यामुळे औषधवाहक पॉलिलॅक्टिक-ग्लायकोलिक आम्लासाठी बहुधा उलट मार्ग धरला जातो. बहुवारिक डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवून त्यात कार्बन डाय-ऑक्साइड मिसळला की द्रावक फुगतो, त्याची विरघळवण्याची शक्ती क्षीण होते आणि कण अवक्षेपित होतात. येथे कार्बन डाय-ऑक्साइड द्रावक नसून प्रतिद्रावक होय. मुंबईच्या आयआयटीतील ममता मुखोपाध्याय यांनी २००३ मध्ये प्रतिद्रावकाची ही क्रिया द्रावकाच्या आंशिक मोलर आकारमानातील घटीवरून विशद केली होती. आपल्याच राज्यातील हे विवेचन अभ्यासक्रमात यावयास हवे. शिवाय हा वायू बहुवारिकात शिरून त्याला मऊ करतो, त्यामुळे तयार झालेले कणही पुन्हा गोळा होऊ शकतात.

प्रकल्प-अहवालात ‘सेंद्रिय द्रावकविरहित पद्धत’ असे शीर्षक आले की मी विद्यार्थ्याला प्रथम डायक्लोरोमिथेनचा हिशेब विचारतो : किती घेतले, विभाजकात किती परत मिळाले आणि कणांत किती उरले? औषधात त्याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा ६०० पीपीएम आहे.