तबकडीची साक्ष : ग्रामोफोन कंपनी आणि हिंदुस्थानी गायनाचा इतिहास

हिंदुस्थानी गायनाच्या अर्वाचीन इतिहासासंबंधी लिहिणारा अभ्यासक आज ज्या साधनावर सर्वाधिक विसंबतो, ते साधन संगीताच्या हेतूने निर्माण झालेले नव्हते. लंडन येथे १८९८ साली स्थापन झालेल्या ग्रामोफोन कंपनीला यंत्रे विकावयाची होती. यंत्र खपावयाचे तर त्यावर लावावयास त्या त्या देशीच्या गाण्याची तबकडी हवी, एवढा सरळ हिशेब तिच्या पूर्वेकडील मोहिमेमागे होता. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ या छापाखाली पुढे जे संचित जमले, त्याचा उगम हा असा बाजारी आहे. एवढ्यावरून त्या संचिताला कमी लेखणे योग्य नव्हे. राजाश्रयाने वाढलेल्या गाण्याचा उगम तरी कोठे निर्हेतुक होता? परंतु साक्षीदार कोणाच्या पदरी होता हे ठाऊक असल्याखेरीज साक्षीचे मोल ठरत नाही. घराण्यांच्या गायकीवरील अलीकडच्या प्रबंधांत ही चौकशी बहुधा टाळली जाते. तबकडीवर जे ऐकू येते तीच त्या गायकाची गायकी, असे गृहीत धरून विवेचन सुरू होते. हे गृहीत कितपत टिकते, याचा विचार कंपनीच्या इतिहासाच्या आधारेच करणे प्राप्त आहे.

कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग १९०२ च्या अखेरीस कलकत्त्यास आला. नोव्हेंबर महिन्यात त्याने ज्या आवाजांचे मुद्रण केले, त्यांत गौहरजानचा आवाज सर्वांत प्रसिद्ध ठरला. गाणे संपताच आपले नाव इंग्रजीत उच्चारण्याची तिची लकब सर्वश्रुत आहे. तिचे स्पष्टीकरण असे दिले जाते की, मुद्रिका जर्मनीतील हॅनोव्हरच्या कारखान्यात दाबल्या जात आणि तेथील कारागिरांना गायिका कोण हे कळावे म्हणून ही घोषणा होई. म्हणजे या देशीच्या गाण्याची तबकडी विलायतेस जाऊन, तयार होऊन, पुन्हा या देशी विक्रीस येत असे. १९०८ साली कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाला आणि हा फेरा संपला. १९२८ मध्ये तो कारखाना डमडम येथे गेला. मेगाफोनसारख्या बंगाली छापाच्या तबकड्याही तेथेच दाबल्या जात. तेव्हा प्रतिस्पर्ध्याच्या यशातही कंपनीचा वाटा असे. निकोल, बेका, ओडियन हे परकीय प्रतिस्पर्धी आले. ओडियनने तर मराठी रंगभूमीवरील गाण्याचे मोठे मुद्रण केले. पण दीर्घकाळ टिकून राहिली ती कुत्र्याच्या चित्राची छापच.

प्रारंभीच्या सूचींत कोण आढळतात, यापेक्षा कोण आढळत नाहीत हे अधिक बोधप्रद आहे. पहिल्या दशकात प्रामुख्याने नाटकमंडळींतील नट-नटी आणि पेशेवर गायिका यांचेच आवाज मुद्रित झाले. गौहरजान, अलाहाबादची जानकीबाई, आग्रेवाली जोहराबाई ही नावे या काळातील. प्रतिष्ठित म्हणविणाऱ्या घरांतील स्त्रियांनी कर्ण्यासमोर गावे हे समाजाला मान्य नव्हते. पुढे त्या गाऊ लागल्या तेव्हा बंगालच्या सूचींत त्यांच्या नावापुढे ‘हौशी’ या अर्थाचा इंग्रजी शब्द छापण्याची काळजी घेतली गेली. ज्यांना समाजाने बैठकीबाहेर स्थान दिले नाही, त्या स्त्रियांच्याच हातून विसाव्या शतकाच्या आरंभीच्या हिंदुस्थानी गायनाचा पुरावा आपल्यापर्यंत पोहोचला, ही गोष्ट संगीतेतिहासाने अद्याप पुरेशी पचविलेली नाही. जोहराबाईच्या तबकड्या केवळ ठुमरी-गझलांच्या नाहीत. त्यांत ख्यालही आहेत, आणि ते ऐकताना ख्याल हा पुरुषांचाच प्रांत होता हे पाठ्यपुस्तकी विधान डळमळू लागते.

याउलट बाजू अल्लादियाखाँ आणि भास्करबुवा बखले यांची. अल्लादियाखाँ १९४६ पर्यंत हयात होते, भास्करबुवा १९२२ साली निवर्तले. दोघांचीही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. आपली विद्या कोणीही ऐकून उचलील या भीतीने जुने उस्ताद कर्ण्यापासून दूर राहत, असे सांगितले जाते. कारण काहीही असो, परिणाम एकच झाला. जयपूर घराण्याच्या मूळ गायकीचे वर्णन आज शिष्यांच्या तबकड्यांवरून उलट्या दिशेने केले जाते. भास्करबुवांचे तर तेवढेही होत नाही. त्यांच्या नाट्यपदांच्या चाली आणि शिष्यांच्या आठवणी एवढाच ऐवज उरतो. मुद्रणास नकार देणाऱ्या गायकाला इतिहासाने ही जबर शिक्षा केली आहे. दोष कंपनीचा नाही. दोष असेलच तर तो सूचीलाच परंपरा समजणाऱ्या अभ्यासकाचा आहे.

आता काळाच्या मर्यादेकडे वळावे. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन ते साडेतीन मिनिटे चाले. ‘तीन मिनिटांत राग कसा मावणार’ हा आक्षेप इतका जुना आहे की तो आता विचार न करताच उच्चारला जातो. वस्तुतः या मर्यादेचा परिणाम सर्व गायकींवर सारखा झालेला नाही. नारायणराव व्यासांची गायकी घ्यावी. ग्वाल्हेर परंपरेतील आटोपशीर बंदिश, स्थायी-अंतऱ्याची स्वच्छ मांडणी, मध्य लय, सुटी आणि तेजस्वी तान, या सर्व गोष्टी तबकडीच्या चौकटीत जणू मापून बसतात. त्यांची मुद्रिका ऐकताना काही कापले गेले आहे असे वाटत नाही. महाराष्ट्रात घरोघरी त्या वाजल्या याचे कारण या अनुरूपतेत शोधले पाहिजे. केवळ आवाजाच्या गोडीत नव्हे.

केसरबाई केरकरांचे तसे नाही. जयपूर गायकीचा प्राण आवर्तनात आहे. आलाप आणि बोल यांची वीण न तुटता दमसासाने समेवर येणे आणि प्रत्येक आवर्तनागणिक बांधकाम एक पायरी चढविणे ही तिची रीत होय. विलंबित तीनतालाचे एक आवर्तन केवळ २० सेकंदांचे धरले तरी साडेतीन मिनिटांत जेमतेम दहा आवर्तने होतात. एवढ्यात इमारतीचा पायाही पुरा होत नाही. म्हणून तबकडीसाठी लय वाढवावी लागली आणि ताना लवकर आणाव्या लागल्या. नट-कामोद, ललिता-गौरी यांसारख्या जोडरागांतील त्यांच्या मुद्रिकांत मात्र याचा एक अनपेक्षित लाभही दिसतो. दोन रागांचा सांधा कोठे व कसा बसविला आहे, हे मैफलीत अर्ध्या तासात विखुरलेले असते. येथे ते तीन मिनिटांत, जवळजवळ आकृतीसारखे, समोर येते. विद्यार्थ्याला रागरूप शिकण्यास याहून चांगले साधन नाही. परंतु त्याच तबकडीवरून ‘केसरबाईंची लय द्रुततेकडे झुकणारी होती’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे टाचणावरून कादंबरीच्या विस्ताराची परीक्षा करण्यासारखे आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सुवर्ण-तबकडी अंतराळात पाठविली गेली, तीत केसरबाईंची भैरवीही आहे. तीही साडेतीन मिनिटांचीच.

वेगाचा प्रश्न याहून नाजूक आहे. आरंभीच्या सर्वच तबकड्या मिनिटास ७८ फेऱ्यांच्या वेगाने मुद्रित झालेल्या नव्हत्या; वेग कमी-अधिक असे. त्या सरसकट ७८ च्या वेगाने वाजविल्या की स्वर चढतो किंवा उतरतो आणि लयही बदलते. गायकाची पट्टी, ताना घेण्याची गती यांविषयी अशा मुद्रिकांवरून केलेली विधाने म्हणूनच तपासून घ्यावयास हवीत. कर्ण्याच्या काळात गायकाला तोंड कर्ण्याजवळ धरून मोठ्याने गावे लागे. तंबोरा जवळजवळ ऐकूच येत नसे. त्या काळच्या गायकांचा आवाज ‘खडा’ होता या समजुतीत गायकांचा भाग किती आणि कर्ण्याचा किती, हे वेगळे करून सांगणारा अभ्यास उपयुक्त ठरेल.

१९२५ नंतर विद्युत्-मुद्रण आले आणि परिस्थिती पालटली. मायक्रोफोनमुळे हलका, खासगी स्वर टिपता येऊ लागला. मराठी भावगीताचा उदय यानंतरचा आहे, हा योगायोग मानता येत नाही. गोविंद नारायण जोशी यांच्या १९३२ च्या सुमाराच्या मुद्रिकांपासून या प्रकाराची गणना करण्याचा प्रघात आहे. भावगीताची चर्चा समीक्षेत बहुधा कवितेच्या अंगाने होते: रविकिरण मंडळ, गेय कविता, काव्यगायन. ही चर्चा अपुरी आहे. चार-पाच कडव्यांची मर्यादा, ध्रुवपदाकडे लवकर परतणे, कुजबुजीच्या जवळ जाणारा उच्चार या तिन्ही लक्षणांचा संबंध तबकडीच्या लांबीशी आणि मायक्रोफोनशी आहे. नाट्यपद प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचविण्यासाठी घडले होते. भावगीत खोलीत बसलेल्या एका श्रोत्यासाठी घडले. मराठीत एक नवा रचनाप्रकार यंत्राच्या चौकटीतून जन्मास आला हे मान्य करण्यात कवितेचा काही अपमान नाही.

त्याच जोशींनी १९३८ साली कंपनीच्या मुंबई शाखेत नोकरी पत्करली आणि पुढील तीन दशके अनेक ज्येष्ठ कलावंतांना ध्वनिमुद्रणास राजी केले. कंपनीच्या इतिहासात गोऱ्या संचालकांची नावे ठळकपणे येतात. पण काय मुद्रित व्हावे याचा निर्णय प्रत्यक्षात अशा मध्यस्थांच्या कानावर अवलंबून होता. जोशींच्या आठवणी प्रसिद्ध आहेत आणि त्यांत विनोदाला वाव पुष्कळ आहे. त्यांचे वाचन किश्श्यांचा संग्रह म्हणून न होता अभिरुचीच्या इतिहासाचे साधन म्हणून व्हावयास हवे.

दीर्घवादन तबकडीने मर्यादा वीस मिनिटांपलीकडे नेली. अमीरखाँच्या १९६० च्या सुमाराच्या मुद्रिकेत एका बाजूस मारवा व दुसऱ्या बाजूस दरबारी आहे. अमीरखाँच्या पूर्वीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आणि ही मुद्रिका शेजारी ठेवून ऐकल्या तर दोन निराळे गायक ऐकत असल्याचा भास होतो. त्यांची अतिविलंबित मांडणी आधीच्या चौकटीत मावणेच अशक्य होते. येथे एक सावधगिरी मात्र हवी. दीर्घवादन तबकडी म्हणजेही मैफल नव्हे. १९६७ साली जोशींच्याच देखरेखीखाली झालेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया व ब्रिजभूषण काब्रा यांची मुद्रिका कोणत्याही मैफलीची नोंद नाही. एका दिवसाच्या प्रहरांवर बेतलेली ती स्वतंत्र रचना आहे. लांबी वाढली तसे कंपनीचे काम नोंदीकडून निर्मितीकडे सरकले. याबद्दल नाक मुरडणारे पुष्कळ आढळतात, पण तबकडीने तीन मिनिटांतही निर्मितीच केली होती, हे ते विसरतात.

पुढील इतिहास व्यापाराचा आहे आणि तो थोडक्यात सांगता येतो. चित्रपटगीतांच्या बळावर कंपनीला जवळजवळ मक्तेदारी लाभली. अभिजात संगीताच्या मुद्रिका याच नफ्याच्या आश्रयाने निघत राहिल्या. १९८० नंतरच्या दशकात ध्वनिफितीने ही मक्तेदारी मोडली. स्वस्त फिती काढणाऱ्या नव्या उत्पादकांपुढे जुन्या कंपनीला उभे राहणे कठीण झाले. १९८५ च्या सुमारास तिची मालकी गोएंका समूहाकडे आली, २००० साली तिचे नाव ‘सारेगामा’ झाले. २०१७ पासून ‘कारवाँ’ या पेटीत जुनी गाणी भरून ती पुन्हा विकू लागली. यंत्राबरोबर गाणे विकण्याची शतकापूर्वीची युक्ती येथे नव्या रूपात परतली.

अभ्यासकाच्या दृष्टीने खरा प्रश्न यापुढचा आहे. भारतीय कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रिकेवरील हक्काची मुदत प्रकाशनानंतर ६० वर्षांची आहे. त्यामुळे ७८ फेऱ्यांच्या काळातील बहुतांश संचित आज हक्कमुक्त आहे. पण हक्क संपला म्हणून वस्तू हाती येते असे नाही. कंपनीने जे पुन्हा प्रकाशित केले ते बव्हंशी प्रसिद्ध नावांचे. उरलेले शोधावयाचे तर खासगी संग्राहकांचे दार ठोठवावे लागते. मायकेल किनियर यांनी १८९९ ते १९०८ या काळातील मुद्रिकांची जी सूची १९९४ मध्ये प्रसिद्ध केली, किंवा मुंबईतील रेकॉर्ड संग्राहकांच्या संस्थेने १९९० पासून जे काम चालविले, ते विद्यापीठांनी करावयाचे काम होते. मराठी ग्रंथांच्या सूचीसाठी शंकर गणेश दाते यांनी आयुष्य वेचले. मराठी मुद्रिकांना तशी समग्र सूची हवी. तीत गायक आणि राग एवढे पुरत नाही. साच्याचा क्रमांक, मुद्रणाचे वर्ष, प्रत्यक्ष वेग आणि साथीदार यांची नोंद असल्याखेरीज लयीविषयीचे किंवा पट्टीविषयीचे कोणतेही विधान पडताळून पाहता येणार नाही. लेबलावरील रागनामेही कानाने तपासून घ्यावी लागतील, कारण ती कारकुनाने रोमन लिपीत लिहिलेली आहेत आणि त्यांत चुका आहेत.