वाहिनी आणि वर्गणीदार

परप्रांतात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाकडे पूर्वी महिन्याकाठी टपालाने मासिक येई. आता त्याच्या फोनवर मराठी वाहिनी येते. दोन्हींमागील ओढ एकच आहे, आणि म्हणूनच यूट्यूबवरील नव्या वाहिन्यांचा विचार साहित्यविचाराच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे कारण मला दिसत नाही. आमच्या परिचयातील चार-पाच कुटुंबांनी अलीकडे अशा वाहिन्या काढल्या. कोणी पाककृती दाखविल्या, कोणी प्रवास, कोणी कवितावाचन केले. बहुतेक सातव्या-आठव्या चित्रफितीनंतर निपचित पडल्या. मंडळी आळशी नव्हती. साधनेही बरी होती. दोष संपादनाचा होता असे माझे मत आहे.

यूट्यूबच्या शब्दयोजनेपासूनच गैरसमज सुरू होतो. 'सबस्क्रायबर' म्हणजे वर्गणीदार. परंतु हा वर्गणीदार छदामही देत नाही. तो देतो तो वेळ. 2012 मध्ये यूट्यूबने शिफारशींसाठी नुसत्या पाहण्यांच्या संख्येपेक्षा पाहण्यात घालविलेल्या वेळाला अधिक महत्त्व दिले, आणि 2018 पासून जाहिरातींतील वाट्यासाठी एक हजार वर्गणीदार व बारा महिन्यांत चार हजार तासांचे प्रेक्षण अशी अट घातली. (छोट्या 'शॉर्ट्स'च्या ओघात मिळालेला वेळ या तासांत धरीत नाहीत, त्यांच्यासाठी निराळी अट आहे.) 2023 मध्ये काही सोयींसाठी पाचशे वर्गणीदारांची खालची पायरी बांधली गेली, तथापि जाहिरातींच्या वाट्यासाठी हजाराची अट कायम राहिली. आम्हा कारकुनांना आकडेमोडीची सवय. चार हजार तास म्हणजे दोन लक्ष चाळीस हजार मिनिटे. प्रत्येक पाहणारा सरासरी चार मिनिटे थांबला तर साठ हजार वेळा कोणीतरी येऊन बसले पाहिजे. दर आठवड्यास एक चित्रफीत धरली, तर प्रत्येकीस सुमारे साडेअकराशे वेळा. हा हिशेब आरंभीच कागदावर मांडला असता तर कित्येकांची निराशा टळली असती.

या विषयावर उपदेश करणारे पुष्कळ आहेत. आवरणचित्र डोळ्यांत भरणारे हवे, मथळा उत्सुकता वाढविणारा हवा, पहिल्या अर्ध्या मिनिटात पाहणाऱ्यास धरून ठेवावे, असे ते सांगतात. यात खोटे काही नाही. परंतु मथळ्याने दिलेले वचन आतील मजकुराने पाळले नाही तर काय होते, याचा अनुभव माझ्या एका सहकाऱ्यास आला. ते तिरुचिरापल्लीस असताना तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवरील, 1803 मध्ये सरफोजीराजांच्या कारकिर्दीत कोरलेल्या भोसले वंशाच्या मराठी शिलालेखावर त्यांनी चौदा मिनिटांची चित्रफीत केली. वाचन शुद्ध, निवेदन संथ. फारसे कोणी फिरकले नाही. दुसऱ्या खेपेस कोणाच्या सल्ल्याने 'तंजावरचे दडलेले रहस्य' असे नाव दिले आणि आवरणचित्रावर तांबडा बाण काढला. लोक आले आणि पहिल्याच मिनिटात निघून गेले. कारण रहस्य काहीच नव्हते. दोनशे वर्षे उघड्यावर असलेला लेख दडलेला कसा असेल? आलेला प्रेक्षक फसला आणि ज्याला शिलालेखात खरा रस होता त्याने बाण पाहूनच तोंड फिरविले. पहिल्या अपयशाहून हे दुसरे यश मला अधिक हानिकारक वाटते.

याउलट 'भारतीय डिजिटल पार्टी' उर्फ भाडिपा ही 2016 मध्ये निघालेली वाहिनी पाहावी. सारंग साठये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांनी ती उभी केली. 'कास्टिंग काउच' या मालिकेत अमेय वाघ व निपुण धर्माधिकारी मुलाखतकारांचे सोंग घेऊन पाहुण्याची आणि त्याहूनही स्वतःची फजिती करीत. त्यातील विनोद सर्वत्र सारख्या प्रतीचा नाही. काही ठिकाणी तो पुण्या-मुंबईच्या तरुण कंपूबाहेर पोहोचतच नाही. परंतु आकृती पक्की होती: येथे आपल्याला काय मिळणार हे प्रेक्षकास आधीच ठाऊक असे. 'मनोरंजन'कार का. र. मित्र यांनी 1909 मध्ये दिवाळी अंक काढून वाचकास सणाशी बांधले, त्याच जातीची ही कल्पकता आहे. मात्र नवशिक्यांनी एक गोष्ट विसरू नये. भाडिपाची वाहिनी नवी होती, माणसे नवी नव्हती. रंगभूमीवर आणि चित्रपटांत त्यांतील कित्येकांचे हात आधीच बसलेले होते.

माझ्या सहकाऱ्यासमोर आता खरा पेच आहे तो भाषेचा. हिंदीत बोला, प्रेक्षक कितीतरी पटींनी वाढेल, असे त्यांना सारे सांगतात, आणि ते खोटेही नाही. परंतु मराठी शिलालेख हिंदीतून समजावून सांगताना त्या लेखातील शब्दांचा, विभक्तींचा आणि जुन्या वळणांचा सारा रसच निघून जातो. उरतो तो इतिहासाचा गोषवारा, आणि तो सांगणारे तेथे अगोदरच शेकडो आहेत. त्यांनी मराठी सोडू नये असे मी म्हटले. त्यावर त्यांनी विचारले, "तुम्ही स्वतः शेवटपर्यंत किती पाहिले?" मी नऊ मिनिटे पाहिले होते.

उत्पन्नाचा प्रश्न तूर्त तरी गौण आहे. 1964 च्या केंद्रीय नागरी सेवा (आचरण) नियमांप्रमाणे सरकारी नोकरास प्रासंगिक वाङ्मयीन वा कलाविषयक काम करता येते, पण नियमित व्यवसायास पूर्वपरवानगी लागते. आणि दर आठवड्याची, जाहिरातींची वाहिनी 'प्रासंगिक' म्हणवेल काय, याविषयी कचेरीत दोन मते आहेत. त्यांनी अर्ज दिला आहे. दरम्यान बाण पुसून टाकला आहे, मथळा 'तंजावरचा मराठी शिलालेख : वाचन पहिले' असा केला आहे, आणि चौदा मिनिटांचे दोन भाग पाडले आहेत. दुसरे वाचन पुढील रविवारी यावयाचे आहे.