बॅटियेचे +6 नक्की कोणाचे?

बास्केटबॉलच्या आकड्यांवर काम करणाऱ्या कुणाशीही बोला, मायकल लुइसच्या ‘द नो-स्टॅट्स ऑल-स्टार’ या लेखाचं नाव निघतंच. 2009 साली न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिनमध्ये आलेला हा लेख ह्यूस्टन रॉकेट्सच्या शेन बॅटियेवर आहे. कारकिर्दीत सामन्यामागे 8.6 गुण, रिबाउंड बेताचे, उडी बेताची. तरी तो मैदानावर असला की संघ जिंकतो. लुइस त्याचा आकडा देतो +6, आणि रॉकेट्सचे तेव्हाचे जनरल मॅनेजर डॅरिल मोरी सांगतात की 41 विजय आणि 60 विजय यांत जेवढा फरक, तेवढी त्याची किंमत.

लेख सुरेखच आहे. कोबी ब्रायंट ज्या जागेवरून कमी नेम साधतो तिकडेच बॅटिये त्याला कसा ढकलत नेतो, हे वाचल्यावर तुम्ही सामना वेगळ्या नजरेने बघाल. माझी तक्रार त्या +6 बद्दल आहे.

साधं प्लस-मायनस म्हणजे काय? खेळाडू मैदानावर असताना आपल्या संघाचे गुण वजा प्रतिस्पर्ध्याचे. यात सोबतीला कोण होतं याचा हिशेबच नाही. लुइसला हे ठाऊक आहे. तो लिहितो की मोरींची माणसं ही गफलत दुरुस्त करतात, पण कशी ते सांगत नाहीत. आणि पुढे जातो! अहो, सगळी गोम तिथेच आहे.

समजा, एखाद्या गायकाच्या प्रत्येक मैफलीला तोच तबलजी असतो. मैफल रंगली. श्रेय कुणाला किती? नुसत्या टाळ्या मोजून हे कधीच कळणार नाही, मैफली शंभर होवोत की हजार. कधीतरी एकाशिवाय दुसरा बसायला हवा. बॅटिये बहुतेक वेळ सुरुवातीच्या पाचांत, याओ मिंगसारख्यांबरोबर खेळायचा. दोघांपैकी एकच मैदानावर असण्याची मिनिटं त्या मानाने थोडी. समजा अशा वेळी चेंडू दोन्ही संघांकडे हजार-हजार वेळा आला. एका वेळी 0, 2 किंवा 3 गुण पडणार, म्हणजे चढउतार मोठा. कागदावर मांडून बघा: दर शंभर पाळ्यांमागच्या फरकात प्रमाण त्रुटी साधारण 5 गुणांची येते. आणि आपण बोलतोय सहाबद्दल.

यावर हल्ली रिज रिग्रेशन वापरतात. जोसेफ सिल यांनी 2010 मध्ये ते बास्केटबॉलसाठी मांडलं. आकडे शून्याकडे ओढून धरायचे, म्हणजे ते वेडेवाकडे उडत नाहीत. पद्धत चांगली आहे, मीही वापरते. पण दोन खेळाडू कायम एकत्रच असतील तर ती श्रेय निम्मं-निम्मं वाटून मोकळी होते. तो निम्मा वाटा विदेतून सापडलेला नसतो. आपणच आधी ठरवलेला असतो. रँकिंगच्या तक्त्यात मात्र तो दशांशासकट दिमाखात छापला जातो. तक्ता बघून करार ठरवणाऱ्याला त्या दशांशामागचं धुकं दिसत नाही.

दुसरा उपाय मला जास्त खटकतो. शून्याकडे न ओढता, खेळाडूच्या गुण, रिबाउंड, असिस्टवरून जो अंदाज निघतो त्याच्याकडे ओढायचं. भाकितं याने सुधारतात, ते खरं. पण बॅटियेचं काय? त्याची सगळी करामत या नोंदींच्या बाहेरची. हात समोरच्याच्या डोळ्यांपुढे धरायचा, ब्लॉकसाठी उडीही घ्यायची नाही. नोंदीत शून्य. म्हणजे ज्याच्यासाठी प्लस-मायनस हवं होतं, त्यालाच पुन्हा जुन्या नोंदींच्या तराजूत बसवायचं.

बॅटिये चांगला नव्हता असं मी म्हणत नाहीये. 2012 आणि 2013 मध्ये तो मायामी हीटबरोबर विजेता ठरला, पण लेब्रॉन जेम्स सोबत असताना तोही पुरावा पातळच. माझ्या मते त्याच्या बाजूचा सर्वात दणकट पुरावा लुइसच्याच लेखात आहे, आणि तो +6 नव्हे. कोबी कुठून नेम धरतो आणि बॅटियेसमोर त्याचं काय होतं, हे वर्णन तपासता येतं: फेक दर फेक, व्हिडिओ लावून. लेख पुन्हा वाचाल तेव्हा ती पानं सावकाश वाचा, आणि +6 वर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढा.