चार पोशाख आणि पाचवा मुलगा

'हम सब एक हैं' अशी अक्षरे आणि चार लहान मुले. एक हिंदू, एक मुसलमान, एक शीख, एक ख्रिस्ती. कोण कोणत्या धर्माचा, ते अंगावरच्या पोशाखावरून ओळखायचे. धारावीच्या वकार खान यांचे हे पोस्टर १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईत बरेच फिरले. वकार खान आणि भाऊ कोरडे या दोन मित्रांच्या कामावर अंजली मोन्तेरो आणि के. पी. जयशंकर यांनी २००३ साली 'नाता' हा माहितीपट केला. वस्तीतल्या सर्वधर्मीय कार्यक्रमांचा विचार करायचा तर या पोस्टरपासूनच सुरुवात करावी लागते. कारण ते आता एक साचा झाले आहे. शाळेतला २६ जानेवारी असो, मोहल्ला समितीचे व्यासपीठ असो, गणपती आणि ईद जवळ आली म्हणून पोलीस ठाण्यात बोलावलेली बैठक असो, वस्तीतली माणसे याच साच्यात ओतली जातात.

आधी ऋण मान्य केले पाहिजे. १९८४ च्या दंगलीने होरपळलेल्या भिवंडीत सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या आणि मुंबई जळत असताना १९९२-९३ मध्ये भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईत सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला एकता समित्या निघाल्या. मोहल्ल्यांतली पोरे आणि पोलीस यांचे क्रिकेटचे सामने झाले. ज्यांनी अफवेच्या रात्री गल्लीच्या तोंडाशी उभे राहून दोन्हीकडचा जमाव परतवला, त्यांच्याविषयी कुत्सित बोलण्याचा अधिकार खोलीत बसून लिहिणाऱ्या समीक्षकाला नाही. मलाही नाही. 'नाता' मध्येही ही मैत्री भाषणातून येत नाही. ती दोन माणसांच्या रोजच्या उठण्याबसण्यातून येते, आणि चित्रपट करणारे दोघे स्वतःलाही प्रश्नाबाहेर ठेवत नाहीत. 'आम्ही' कोण आणि 'ते' कोण, हे ते स्वतःच्या घरापासून तपासतात. हे प्रामाणिकपण पोस्टरमध्ये नाही. पोस्टरला ते परवडणारेही नाही.

मी शिकवत होतो त्या शाळेत एकदा असाच 'एकतेचा देखावा' बसवला जात होता. धोतर-टिळा, गोल टोपी, पगडी, गळ्यात क्रूस. चार मुले ठरली. सातवीतला एक मुलगा मागे उभा होता. त्याने विचारले, "सर, बौद्धाचा ड्रेस कसला असतो?" बसवणाऱ्या शिक्षकांना उत्तर सुचले नाही. ते वाईट नव्हते, नुसते गोंधळले. मग म्हणाले, "तू असं कर, तू झेंडा धर." मीही तिथेच होतो. मीही काही बोललो नाही.

या साच्यातले वगळणे किती मोठे आहे, हे आकड्यांतच पाहावे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात बौद्ध सुमारे ६५ लाख. ख्रिस्ती सुमारे ११ लाख, शीख सव्वादोन लाखांच्या आसपास. दोन्ही मिळवून जेवढे होतात त्याच्या जवळपास पाचपट बौद्ध आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेले धर्मांतर ही या राज्यातली विसाव्या शतकातली सर्वांत मोठी धार्मिक घटना, आणि तिला एकतेच्या देखाव्यात पोशाख नाही! बरे, पाचवा मुलगा उभा केला की भागले, असेही नाही. पुष्कळ कार्यकर्ते इथेच समाधान मानतात. व्यासपीठावर पंडित, मौलवी, ग्रंथी, फादर यांच्या रांगेत एक भंतेजींची खुर्ची वाढली की त्यांना न्याय झाल्यासारखा वाटतो. मला तसे वाटत नाही. खोट त्या रांगेतच आहे.

ती रांग काय सांगते? वस्ती म्हणजे चार-पाच धर्मांची बेरीज, प्रत्येक धर्म आतून एकसंध, आणि भांडण फक्त दोन धर्मांच्या मध्ये. धारावीकडेच बघा. इथल्या चामडे कमावण्याच्या धंद्यात मालक बरेचसे तमिळ मुसलमान आणि कातडे हाताळणारे मजूर बरेचसे तमिळ आदिद्रविड, असा अनेक वर्षांचा इतिहास आहे. चांभार, ढोर, सफाईच्या कामातले वाल्मीकी, बौद्ध, सगळे याच भूमीवर आले. यांतला आदिद्रविड मजूर देवळात गेला तर पोस्टरमधला पहिला मुलगा, चर्चमध्ये गेला तर चौथा. त्याचा कातड्याचा वास मात्र दोन्हीकडे तोच. कायद्याचा रकाना तेवढा बदलतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीची सवलत हिंदू असण्याशी बांधली. १९५६ मध्ये तीत शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान अजून बाहेरच आहेत. सर्वधर्मीय सभेत मौलवी आणि फादर शेजारी बसतात, बंधुत्वावर बोलतात. त्यांच्या मागच्या दलितांचा हा प्रश्न मी ऐकलेल्या सभांत एकदाही निघाला नाही. तो निघाला तर प्रत्येकाला आपल्या घरातली जात दाखवावी लागेल, आणि ते आतिथ्याच्या रीतीत बसत नाही.

दंगलीच्या हिशेबातही हेच. ६ डिसेंबर १९९२ ला धारावीत शिवसैनिकांची सायकल फेरी निघाली आणि काळा किल्ला येथे चिथावणीच्या भाषणांनी संपली, हे श्रीकृष्ण आयोगाने नोंदवले आहे. ६ डिसेंबर हा बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. धारावीपासून थोड्याच अंतरावर, दादरच्या चैत्यभूमीवर त्या दिवशी सारा महाराष्ट्र लोटलेला असतो. त्या डिसेंबर-जानेवारीत ९०० माणसे मेली : ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ अज्ञात, ५ इतर. मेलेला दलित यांतल्या कोणत्या रकान्यात गेला, ते या यादीवरून कळत नाही. आणि ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे पडली, तेव्हा तर हा सगळा साचाच निरुपयोगी ठरला. दोन धर्म कुठे होते तिथे? कोणाची कोणाशी गळाभेट घडवायची होती?

आता सेवेकडे वळू. सर्वधर्मीय कार्यक्रमाला सेवेची जोड असतेच. रक्तदान, वह्यावाटप, आरोग्य तपासणी, व्यायामशाळा आणि विशेषतः स्वच्छता मोहीम. मी पाहिलेल्या एका मोहिमेत पाहुणे सकाळी नऊला येणार होते, म्हणून गटारातला गाळ पहाटेच काढून ठेवलेला होता. काढणारे कोण, ते सांगायला नको. नऊ वाजता सर्व धर्मांच्या प्रतिनिधींनी कोरड्या रस्त्यावर नवे झाडू फिरवले, छायाचित्रे निघाली. पहाटेचे लोक तेव्हा घरी झोपले होते. त्यांच्यातल्या एकालाही व्यासपीठावर बोलावण्याचे कोणाला सुचले नव्हते. तो धर्माचा प्रतिनिधी थोडाच होता!

बाबासाहेबांनी हा प्रश्न १९३२ साली नेमका मांडला होता. १४ नोव्हेंबरला, विलायतेच्या वाटेवर बोटीतून, त्यांनी अस्पृश्यता निवारणासाठी निघालेल्या संघाचे चिटणीस ठक्कर यांना पत्र लिहिले. त्याचा आशय असा, की सेवेचे दोन मार्ग असतात. एक मार्ग दलिताला व्यक्तीशः सुधारू पाहतो : दारूबंदी, आखाडे, सहकारी पेढ्या, वाचनालये, शाळा. दुसरा मार्ग त्याच्या भोवतीची परिस्थिती बदलू पाहतो. संघाने दुसरा धरावा, असे त्यांचे म्हणणे होते. विहिरीवर, शाळेत, गावच्या रस्त्यावर नागरी हक्क बजावण्यासाठी लढा. संधीची समानता. गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, तो बाटेल म्हणून! ते खाते उघडा. आणि तिसरे, सवर्णांनी त्याला आपल्या घरात घ्यावे, पाहुणा म्हणून किंवा नोकर म्हणून. या पत्राची पोचसुद्धा आली नाही, असे बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले.

त्या पहिल्या मार्गाची यादी पुन्हा वाचा. आजच्या मोहल्ला कार्यक्रमाची पत्रिका तिच्यावरून छापता येईल. २०१३ चा हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा कायदा आहे. गटारात मेलेल्याच्या वारसांना ३० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले आहे. एखाद्या वस्तीत मौलवी, फादर, भंतेजी आणि पुजारी एकत्र येऊन महापालिकेच्या कचेरीत या कायद्याचा जाब विचारायला गेले, तर त्या सेवेला मी सेवा म्हणेन. त्या दिवशी छायाचित्र चांगले निघणार नाही, हे खरे.

आपल्या परंपरेत या पोस्टरला उत्तर आहे, आणि ते शंभर वर्षांहून जुने आहे. जोतीरावांच्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त (ते त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले) एकाच घराची कल्पना आहे. बाई विचार करून बौद्ध झालेली, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सारे एकमेकांचा हेवा न करता एका छपराखाली. मुलगी वाचून मुसलमान होते, हे विशेष लक्षात घ्यावे. पोस्टरमधल्या मुलांना कोणी विचारले नव्हते. त्यांना पोशाख जन्मावरून वाटून दिला गेला. जोतीरावांच्या घरात धर्म प्रत्येकाने स्वतः निवडलेला आहे, आणि त्यामुळे त्या घरात जातीला उभे राहायला जागाच उरत नाही. जात जन्मावर जगते. असे घर मोहल्ल्यात उभे राहिले, मुलीने खरोखरच धर्म निवडला किंवा जातीबाहेरचा नवरा निवडला, तर एकता समितीचे किती सभासद तिच्या दाराशी उभे राहतील? हा प्रश्न मी एका शिबिरात विचारला. तिथे चहाची वेळ झाली.

तो सातवीतला मुलगा २६ जानेवारीला झेंडा धरून मागच्या रांगेत उभा राहिला. पुढच्या चौघांचे फोटो शाळेच्या अहवालात छापून आले. त्यात झेंड्याची काठी दिसते आणि काठीवर त्याची बोटे.